गच्चीवरच्या कुंड्या, टबातले गप्पी आणि सकाळचा राग

बागकाम, मासे किंवा पक्षी पाळणे आणि गाणे ऐकणे हे तीन छंद बहुतेक घरांत तीन वेगवेगळ्या माणसांचे असतात आणि म्हणूनच तिन्ही अर्धवट राहतात. आजी कुंड्यांना पाणी घालते, नातवाने हट्टाने आणलेल्या माशांचे काचपात्र टीव्हीशेजारी हिरवे पडत जाते आणि आजोबांच्या कॅसेट कपाटात बंद असतात. हे तिन्ही छंद एकाच जागी आणि दिवसाच्या एकाच वेळी आणले, तर एकाचे उरलेसुरले दुसऱ्याच्या कामी येते आणि रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. कोल्हापुरात माझ्या गच्चीवर ही मांडणी बसेपर्यंत काही वर्षे गेली आणि त्यात बऱ्याच कुंड्याही गेल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याला तेवढा खर्च पडू नये, यासाठी पुढील सूचना क्रमवार लिहिल्या आहेत. क्रम महत्त्वाचा आहे: आधी माती, मग पाणी, मग जीव.

जागा आणि वजन

जागा निवडताना ऊन किती तास येते, हे एक रविवार घालवून प्रत्यक्ष पाहावे. फुलझाडांना आणि फळभाज्यांना किमान पाच ते सहा तासांचे थेट ऊन लागते. पुदिना, अळू आणि शोभेची पानझाडे त्याहून कमी उन्हावर भागवतात. गच्चीवर वजनाचा विचार आधी करावा. बारा इंची कुंडीत सुमारे पंधरा लिटर माती मावते आणि ती भिजल्यावर कुंडीचे वजन वीस किलोच्या आसपास जाते, म्हणजे वीस कुंड्यांचे चारशे किलो होतात. त्यामुळे कुंड्या गच्चीच्या मध्यभागी न मांडता कठड्यालगत, तुळईच्या रेषेत मांडाव्यात आणि प्रत्येक कुंडीखाली विटांचे दोन तुकडे ठेवावेत. कुंडीखालून हवा खेळली की स्लॅबला ओल धरत नाही आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंधही चांगले राहतात.

माती: येथे घाई करू नये

कुंडीतील मातीसाठी बहुतेक ठिकाणी एकच ठरलेले प्रमाण सांगितले जाते: एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). हे प्रमाण कोरड्या गावांना मानवते. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पश्चिमेला गगनबावड्याकडे जावे तसा तो कितीतरी वाढतो. जुलैत सलग पंधरा दिवस झड लागली की पाणी धरून ठेवणारे कोकोपीट कुंडीतील हवा काढून टाकते, मुळांना श्वास घेता येत नाही आणि ती कुजतात. माझा पहिला मोगरा असाच गेला. पाने पिवळी पडू लागली तेव्हा झाडाला खत कमी पडत असावे, असे समजून मी आणखी शेणखत घातले आणि उरलीसुरली मुळेही घालवली. झाड उपटले तेव्हा मुळे काळी पडलेली होती आणि मातीला आंबूस वास येत होता. हा वास ओळखायला शिकणे, हे बागकामातील अर्धे शिक्षण आहे.

आपल्याकडे नदीकाठची काळी माती सहज मिळते, पण ती कुंडीत नुसती वापरू नये. ती भिजल्यावर चिकट गोळा होते आणि सुकल्यावर कडेने भेगाळते, मग घातलेले पाणी भेगांतून थेट खाली निघून जाते. पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती निचऱ्याला चांगली, मात्र तिच्यात कस कमी. अनुभवाने ठरलेले माझे प्रमाण असे आहे: दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, एक भाग जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा, अर्धा भाग कोकोपीट आणि प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखत कुजलेले आहे की नाही हे हातात घेऊन पाहावे. ते काळसर, भुसभुशीत आणि वासरहित असावे. पेठांमधील गोठ्यांतून शेण अजूनही मिळते, परंतु ताजे शेण कुंडीत घातल्यास कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने रोपाची मुळे होरपळतात. ते कोपऱ्यात ढीग करून चार-सहा महिने मुरू द्यावे.

कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा मातीची कुंडी पावसाळ्यात जास्त सोयीची, कारण तिच्या भिंतीतूनही ओल बाहेर पडते. मात्र एप्रिलमध्ये त्याच कारणाने तिला दोनदा पाणी द्यावे लागते. उन्हाळ्यासाठी कोल्हापुरासारख्या ऊसपट्ट्यात एक फुकटचा उपाय आहे: उसाचे पाचट. ते कात्रीने बोटभर लांबीचे कापून मातीवर दोन इंचांचा थर द्यावा. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते कुजून खतात मिसळते. पाऊस सुरू झाल्यावर मात्र उरलेले पाचट काढून घ्यावे, नाहीतर त्याखाली गोगलगायी ठाण मांडतात. गोगलगायींवर औषध मारण्याऐवजी रात्री नऊच्या सुमारास विजेरी घेऊन त्या वेचणे सोपे पडते.

पाणी कधी द्यावे, याचे वेळापत्रक करू नये. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

काय लावावे आणि केव्हा

सुरुवात पाच कुंड्यांनी करावी. माझी पसंती तुळस, गवती चहा, कढीपत्ता, जास्वंद आणि मोगरा अशी आहे, कारण यांतील तीन स्वयंपाकघराशी जोडलेली आहेत आणि ज्या झाडाचे पान रोज तोडले जाते त्याच्याकडे रोज पाहिले जाते. गवती चहाचा मुळांसकट एक फुटवा शेजाऱ्यांकडून घेतला तरी वर्षभरात कुंडी भरते. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. आठ-दहा दिवसांत ती उगवते. ती ऑक्टोबर ते फेब्रुवारीत लावावी, मे महिन्यातील कोथिंबीर पानांऐवजी फुलांवर जाते. मेथी तीन-साडेतीन आठवड्यांत भाजीजोगी होते. मिरची आणि वांग्याची रोपे जूनमध्ये लावण्याचा मोह होतो, पण गच्चीवर मुसळधार पावसाचा मारा थेट बसतो, म्हणून ऑगस्टअखेरीस लावलेली रोपे माझ्याकडे अधिक टिकली. पावसाळ्यासाठी अळू आणि सोनटक्का ही दोन झाडे राखून ठेवावीत. पाणी त्यांना जास्त होत नाही.

मोगऱ्याचे रहस्य ताणात आहे. डिसेंबरअखेरीस त्याचे पाणी कमी करत न्यावे, जानेवारीत फांद्या एक-तृतीयांश छाटाव्यात, माती उकरून शेणखत द्यावे आणि मगच नियमित पाणी सुरू करावे. मार्चपासून मे महिन्यापर्यंत कळ्या येत राहतात. गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये करावी. शेवंतीला रात्र मोठी होऊ लागल्याशिवाय कळी धरत नाही, त्यामुळे तिची कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ठेवू नये. वर्षभर सेवा करूनही शेवंती का फुलत नाही, या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा खिडकीबाहेरच्या खांबावर असते.

जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण हमखास येतो. थोडा असेल तर जुन्या दात घासायच्या ब्रशने पाण्याखाली घासून काढावा. पसरला असेल तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि काही थेंब पातळ साबण घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. फवारणी करताना माशांचा टब झाकावा आणि पक्ष्याचा पिंजरा आत न्यावा. बाजारातील तीव्र कीटकनाशके मात्र या गच्चीवर अजिबात आणू नयेत. पायरेथ्रॉइड गटातील औषधे, ज्यांच्यावर डासांच्या अनेक कॉइल आणि फवारे चालतात, माशांना फार थोड्या मात्रेतही घातक ठरतात.

पाण्याचा टब

काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मासा पाण्यात अमोनिया सोडतो. तो अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू वसायला वेळ आणि पृष्ठभाग लागतो, आणि चार लिटरच्या भांड्यात दोन्ही नसतात. मासा ‘आपोआप’ मेला असे म्हणतात तेव्हा बहुधा तो स्वतःच्याच पाण्याने गुदमरलेला असतो. हेच नायट्रेट झाडांना मात्र खत म्हणून हवे असते. गच्चीवर मासे आणि कुंड्या शेजारी ठेवण्याचे खरे कारण हे आहे.

साठ सेंटिमीटर व्यासाचा काळा प्लॅस्टिकचा टब घ्यावा. त्यात चाळीस सेंटिमीटर पाणी भरले की ते एकशे तेरा लिटरच्या आसपास होते, म्हणजेच वजनही सव्वाशे किलोच्या घरात जाते, म्हणून तो खांबाच्या डोक्यावर येईल अशाच जागी ठेवावा. त्यात एका पसरट भांड्यात कुमुदिनी लावावी. वर कुंड्यांसाठी नको म्हटलेली काळी चिकट माती येथे उत्तम चालते. तिच्यावर वाळूचा बोटभर थर द्यावा, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. पानांनी पाण्याचा निम्मा पृष्ठभाग झाकला की उन्हाळ्यात पाणी तापत नाही आणि शेवाळही आटोक्यात राहते. टबाच्या काठाखाली दोन इंचांवर एक भोक पाडून त्याला बारीक जाळी चिकटवावी, कारण जुलैतल्या एका रात्रीच्या पावसात टब भरून वाहतो आणि मासे गच्चीच्या पन्हाळीतून थेट गटारात जातात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मगच टबात घालावे. वनस्पती लावल्यावर दोन आठवडे मासे सोडू नयेत, मात्र तेवढ्या काळात डास अंडी घालतील, म्हणून टबावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा असे आरोग्य विभाग सांगतो ते याच हिशेबाने. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणीही त्याच दिवशी ओतून टाकावे. माझ्या मते ताटल्या वापरूच नयेत.

दोन आठवड्यांनंतर आधी तीन-चार आणि महिनाभराने आणखी चार गप्पी सोडावेत. गप्पी डासांच्या अळ्या खातात, म्हणून डास-नियंत्रणासाठी ते साठलेल्या पाण्यात सोडले जातात. ते अंडी न घालता पिले देतात आणि सुमारे चार आठवड्यांत नवा घोळका येतो. मादी नराचे बीज काही महिने साठवू शकत असल्याने ‘फक्त माद्या’ आणल्या तरी पिले होतात. टबाची क्षमता राखायची असेल तर सर्व नरच घ्यावेत. ते लहान, रंगीत आणि शेपटीने ओळखू येणारे असतात. जास्तीचे मासे रंकाळ्यात किंवा पंचगंगेत कधीही सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा आपल्या तळ्यांत गेला की स्थानिक लहान माशांच्या अन्नावर आणि पिलांवर ताव मारतो.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस अजिबात देऊ नये. रविवारी सकाळी दोन बादल्या, म्हणजे सुमारे एक-चतुर्थांश पाणी काढावे आणि ते पिवळसर पाणी जास्वंद, गुलाब, कढीपत्ता यांना द्यावे. माशांना औषध किंवा मीठ दिले असेल त्या आठवड्यातील पाणी मात्र कुंड्यांना घालू नये.

पिंजरा ठेवावा का

याबाबत वाचकांचे आणि माझे मत जुळेलच असे नाही. हिरवा, लाल चोचीचा आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो ठेवू नये. दुकानात ‘लव्ह बर्ड्स’ म्हणून जे विकतात ते पुष्कळदा मूळचे ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले असल्याने त्यांना बाहेर सोडणे ही दया ठरत नाही. ठेवायचेच असतील तर जोडीने ठेवावेत, पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा, कारण बजरीगर आडवा उडतो, आणि पाऊण मीटरपेक्षा लांबी कमी असू नये. नराच्या चोचीवरील मांसल पट्टी प्रौढपणी निळी असते, मादीची तपकिरी किंवा फिकट. राळे आणि बाजरी हा मुख्य आहार, सोबत गच्चीवरची कोथिंबीर आणि मेथी धुऊन. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्याला टांगावा. पिंजरा स्वयंपाकघराजवळ ठेवू नये. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावतो. पिसे फुगवून दिवसा झोपणारा पक्षी आजारी समजावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावा. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात.

मी स्वतः पिंजरा ठेवत नाही. कठड्यावर पाण्याची उथळ थाळी आहे, तिचे पाणी रोज बदलतो, आणि जास्वंदीवर शिंजीर येतो. फेब्रुवारी सरला की दयाळ पहाटे समोरच्या तारेवर बसून गातो आणि तेव्हा माझे गाणे मी उशिरा लावतो.

कानांचे काम

झाडांना गाणे ऐकवल्याने ती वाढतात, अशी हौशी समजूत आहे. वाढत असतील तर आनंदच आहे. गाणे लावायचे ते मात्र पाणी घालणाऱ्यासाठी. कोल्हापूरकराला यासाठी दूर जावे लागत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या दरबारी या शहरात राहिले. त्यांचे पुत्र मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. केसरबाई केरकर याच परंपरेतल्या, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असते. माझ्या नळाला दोन बादल्या भरायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हणून नवशिक्या श्रोत्याने या जुन्या छोट्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो.

सकाळी सहा ते नऊ हा दिवसाचा पहिला प्रहर. त्यात भैरव, रामकली, देसकार हे राग गायले जातात. ऐकण्याचा एक सोपा अभ्यास असा: आठवडाभर सकाळी देसकार ऐकावा आणि संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावल्यानंतर भूप ऐकावा. दोघांचे स्वर तेच पाच आहेत, सा, रे, ग, प, ध. भूपात गंधारावर (ग) विसावा मिळतो आणि गाणे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमते. देसकारात धैवत (ध) उजळून राहतो आणि वरच्या अर्ध्यात सारा खेळ चालतो. तीच माती, पण लावलेले झाड वेगळे, असे एरवी सांगावे लागते ते येथे ऐकूच येते. चार-पाच दिवसांत फरक कळू लागतो, मात्र त्या काळात कलाकार बदलू नये. पावसाची झड लागली आणि कुंड्यांना पाणी घालण्याचे काम उरले नाही, की छपराखाली खुर्ची टाकून मियाँ मल्हारातील दोन निषाद (कोमल आणि शुद्ध नी) शोधावेत.

शास्त्रीय संगीत जड वाटत असेल तर कोल्हापुरातच १९१९ साली जन्मलेले सुधीर फडके आहेत. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत या गतीने प्रसारित झाले. आज ती छप्पन्न गीते एका दमात ऐकता येतात. पण रविवारी टबाचे पाणी बदलताना एकच ऐकून आठवडाभर तेच गुणगुणत राहिले तर वर्ष पुरते.

स्पीकर टबाच्या किंवा पिंजऱ्याच्या काठावर ठेवू नये. माशांना पाण्यातून आणि भांड्याच्या भिंतीतून येणारी थरथर जाणवते, पक्षी मोठ्या आवाजाने बिचकतात. तो विरुद्ध कोपऱ्यात, छपराखाली, पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर खुंटीला टांगावा आणि आवाज इतकाच ठेवावा की कुंडीतून ठिबकणारे पाणीही ऐकू येईल.

आठ दिवस गावाला जाताना

झाडे लावलेल्या टबातील निरोगी, प्रौढ गप्पी आठवडाभर खाद्याशिवाय राहतात; शेजाऱ्यांना ‘थोडे खाद्य घाला’ असे सांगून जाऊ नये, कारण ते प्रेमाने मूठभर घालतात आणि पाणी नासते. लहान कुंड्या सावलीत एकत्र आणाव्यात, त्यांच्यामध्ये पाण्याची झाकलेली बादली थोड्या उंचीवर ठेवावी आणि सुती दोरीचे एक टोक बादलीत, दुसरे मातीत दोन इंच खोल पुरावे. झाकणाला दोरीपुरतेच भोक असावे, नाहीतर परतल्यावर बादलीत अळ्या सापडतील. बजरीगर असतील तर मात्र दोरी आणि बादली पुरत नाही. त्यांच्यासाठी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी आणि रोज दाणा, पाणी व रात्रीचे झाकण या तीनच गोष्टी कागदावर लिहून पिंजऱ्याला अडकवून जावे.